अडचणी : निरंक

पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला दर सहा महिन्यांनी एक प्रगती अहवाल भरून द्यावा लागतो. आमच्या विद्यापीठातल्या अहवालात नऊ रकाने असतात आणि सातवा असतो ‘संशोधनकार्यात आलेल्या अडचणी’. त्याच्यासमोर काय लिहायचं हे मला पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या एका सीनियरनं शिकवलं. “निरंक लिही,” तो म्हणाला. “अडचण लिहिलीस की मीटिंग लागते. मीटिंग लागली की गाइडला उत्तरं द्यावी लागतात. आणि गाइडला उत्तरं द्यावी लागली की तुझी खरी अडचण सुरू होते.”

निरंक म्हणजे काही नाही. हा सरकारी शब्द तोवर मला माहीतही नव्हता. मी तो वळणदार अक्षरात लिहिला, गाइडची सही घेतली आणि अहवाल खिडकीत सरकवला. पुढे असे सात अहवाल दिले. त्यातले शेवटचे तीन दिले तेव्हा माझ्या पाठीच्या मणक्याला टीबी झालेला होता.

हे लिहितेय ते आत्ता कुठेतरी तो रकाना भरत बसलेल्यांसाठी. आजाराचा शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही धास्तावून वाचणार नाही. मी बरी झाले. पीएचडीचं काय झालं ते मात्र क्रमानंच सांगायला हवं, कारण आजार मला मणक्यात झाला असला तरी पीएचडी घालवायला निघाला होता तो सातवा रकाना.

पाठ

माझा विषय दगडफूल. हो, मसाल्यात घालतात तेच. वाशीमला आमच्या शेजारच्या काकूंना हे कळल्यापासून त्या दर दिवाळीला “थोडंसं आणजो ना बाई” म्हणतात आणि मी दर दिवाळीला त्यांना निराश करते. भोरच्या पुढच्या एका देवराईत मी चोवीस झाडांना नंबर दिले होते. दर तीन महिन्यांनी जाऊन खोडावर पारदर्शक कागद लावायचा, दगडफुलाची कड पेनानं गिरवायची आणि मागच्या खेपेच्या कागदाशी ताडून पाहायची. ते इतकं सावकाश वाढतं की एक खेप चुकली तरी हिशेब बिघडतो.

माझ्या गाइड ताम्हाणे मॅडम मापाच्या बाबतीत फार कडक. झाडापाशी जे घडलं ते सगळं, तिथंच उभं राहून, शाईनं नोंदवहीत लिहायचं हा त्यांचा नियम. पाऊस आला, गाईनं अंग घासलं, माप घेणाऱ्याचा हात हलला, तर तेही लिहायचं. खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. “घरी येऊन आठवून लिहिलं तर तो निबंध होतो,” असं त्या म्हणत. तीन वर्षांत तो नियम माझ्या अंगवळणी पडला होता.

पाठ दुखायला लागली तेव्हा मी सॅकला दोष दिला. मग खुर्चीला, मग गादीला. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखा माझ्या पलंगापासून लांब, म्हणून घाम येतो असं ठरवलं. संध्याकाळी अंग कसकसायचं, तेव्हा दिवसभर उन्हात फिरले म्हणून. वजन उतरलं तेव्हा तर मैत्रिणींनी डाएट विचारलं आणि मी खूश झाले. एका फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळा गेले आणि चिठ्ठ्या फेकून दिल्या. मी हुशार मुलगी होते, त्यामुळे प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे कारण तयार असायचं. डॉक्टरकडे जायला दोन तास हवे होते आणि ते दोन तास प्रबंधाचे होते.

भोरहून परतताना एका दुपारी स्वारगेटला एसटीतून उतरले. उजवा पाय खाली टाकला, पण तो टेकलाच नाही. म्हणजे जमिनीवर होता, मला दिसत होता, पण जाणवत नव्हता. माझ्या मागून उतरणाऱ्या सुमितनं, माझ्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यानं, मला काखेतून धरलं म्हणून तोंडावर पडले नाही. मी म्हणाले, “काही नाही रे, मुंग्या आल्यात.” त्यानं रिक्षा थांबवली आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

निदानाचा दिवस

एमआरआयच्या नळकांड्यात अर्धा तास निपचित पडून होते. ती ठकठक ऐकताना मला चौदा नंबरच्या झाडाचं माप राहिलंय याची काळजी वाटत होती. यावरून माझी तेव्हाची अवस्था ओळखा.

दोन दिवसांनी पाठीत सुई घालून तुकडा तपासायला नेला आणि मग डॉक्टर येऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. “मणक्याचा टीबी आहे,” ते म्हणाले. “तुम्ही पीएचडी करता ना? मग एक करा, यावर काही वाचू नका. वाचलंत तर माझ्याशी वाद घालाल. दीड वर्ष गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. पट्टा बांधल्याशिवाय उठायचं नाही, आणि पहिले तीन महिने उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. तुमच्यापासून दुसऱ्याला लागण होणार नाही, छाती स्वच्छ आहे.”

“आणि पाय?”

“येईल असं वाटतंय.”

“वाटतंय?”

“वाटतंय,” ते शांतपणे म्हणाले. “खात्री देणारे हवे असतील तर तेही पुण्यात मिळतात.”

मला त्यांचा भयंकर राग आला. ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. टीबी या शब्दाची लाज वाटली आणि लाज वाटली याचीही लाज वाटली. जीवशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीनं जंतूला का लाजावं? पण लाजले. आणि त्याखाली एक निव्वळ भीती होती की मी यापुढे चालणार नाही, देवराईत तर नाहीच नाही.

पट्टा, गोळ्या आणि मावशी

हॉस्पिटलात दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग संपतच नाही. सकाळी सहाला रिकाम्या पोटी मूठभर गोळ्या. सातला मळमळ. आठला चहा, ज्याच्याकडे बघूनच परत मळमळ. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी-लाल झालेली पाहून मी किंचाळले. सिस्टर धावत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, गोळीचा रंग आहे तो. सांगायचं राहिलं. आता दीड वर्ष होळी.” त्या आठवड्यात मी पहिल्यांदा तेव्हा हसले.

वॉर्डातल्या एका मावशींनी मात्र जे केलं ते मी विसरणार नाही. आठ दिवस उताणं पडून माझ्या केसांचा पार गुंता झाला होता. मी कापून टाका म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. ड्यूटी संपल्यावर पलंगाच्या डोक्याशी उभ्या राहून, माझी मान न हलवता, एकेक बट सोडवत त्यांनी दोन वेण्या घातल्या. त्यांनी आजाराचं एक अक्षर विचारलं नाही, फक्त त्यांच्या सुनेला काय काय करता येत नाही ते सांगत राहिल्या. दोन वेण्या घालून पडले तेव्हा मला परत माणसात आल्यासारखं वाटलं.

आई

आई वाशीमजवळच्या गावात अंगणवाडी चालवते. बाबांवर घर टाकून, रजा घेऊन ती आली आणि डिस्चार्जनंतर माझ्याबरोबर कर्वेनगरच्या फ्लॅटवर राहिली. माझी एक रूममेट त्याच आठवड्यात सोडून गेली. “घरचे ऐकत नाहीत गं,” असं दारातून म्हणाली, आत आली नाही. दुसरी राहिली, आणि आईला रोज दळणापासून देवळापर्यंत सगळं दाखवत फिरली.

आई माझी सेवा करायची आणि फोनवर खोटं बोलायची. कुणाचाही फोन आला की, “काई नाही, मणक्यात गॅप हाय. सगळं बरं हाय.” मामाला गॅप, मावशीला गॅप, बाबांच्या मित्रालासुद्धा गॅप. मी उताणी पडून ऐकायचे आणि धुमसायचे.

“टीबी सांग ना,” मी एकदा म्हणाले. “लोक काय खाणार आहेत?”

“तुह्या लग्नाचं कोन पाहीन मंग?”

“मला चालता येईल की नाही ते आधी पाहू.”

मग ती भांड्यांवर राग काढायची आणि मी छतावर. एकदा मात्र ती पलंगाशी बसली आणि सरळ म्हणाली, “सोडून दे ते पीएचडी. काय करून राहिली तू ह्या झाडाच्या बुरशीपायी? पाय घालवून बसली. चाल घरी, मी पोसतो तुले.”

मला तिला सांगायचं होतं की बुरशी अर्धीच असते, उरलेलं शेवाळ. पण तिचे डोळे भरले होते. आणि खरं सांगायचं तर ती म्हणत होती ते मलाही पटायला लागलं होतं.

सबब

कारण त्याच सुमारास विद्यापीठाचं पत्र आलं. माझ्या नोंदणीची मुदत चार महिन्यांत संपत होती. डॉक्टरांचा दाखला जोडून मी एक वर्षाची मुदतवाढ मागितली होती, कारण माझी शेवटची दोन मापं राहिली होती आणि मला बसताही येत नव्हतं. उत्तर तीन ओळींचं होतं. आपण दीड वर्षापासून आजारी असल्याचे नमूद केले आहे. तथापि आपल्या मागील तीन अहवालांत आजाराचा उल्लेख नाही, अडचणी निरंक दर्शविल्या आहेत. सबब समितीसमोर समाधानकारक खुलासा न झाल्यास मुदतवाढ देता येणार नाही.

माझ्याच अक्षरातला शब्द त्यांनी मला परत पाठवला होता. चिडायचं तरी कुणावर?

ते दोन आठवडे मला मणक्यापेक्षा जास्त जड गेले. मी आंघोळीला नाही म्हणायला लागले, सुमितचे फोन घेईना, गोळ्या तोंडात धरून बसायचे. जगून तरी काय करायचं, असंही दोनदा मनात आलं. आलं होतं ते इथे लिहिते, कारण न लिहिण्यानंच मी त्या अवस्थेला पोचले होते. मग एक दिवस कागद पोटावर ठेवून मी दोन ओळींचा अर्ज लिहिला, की माझी नोंदणी रद्द करावी. सुमितनं तो नेणार नाही म्हणून सांगितलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि पाठवला.

खिडकीतले कुलथे

पीएचडी विभागाची खिडकी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती ‘दुरुस्तीसाठी बंद’ या पाटीसकटच जन्माला आली असावी. खिडकीत कुलथे नावाचे क्लार्क बसतात. त्यांच्याशी बोलताना माणसं घरून सराव करून येतात. चार वर्षांत ते माझ्याशी एकूण सतरा वाक्यं बोलले असतील, त्यातली नऊ ‘झेरॉक्स जोडलेली नाही’ अशी.

माझा अर्ज दुसऱ्या दिवशी सुमितबरोबर परत आला. वर लाल शाईत लिहिलेलं, ‘कारण नमूद नाही.’

मी ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं वाढवून परत पाठवला. तो परत आला. ‘वैयक्तिक म्हणजे काय, ते नमूद करावे.’ या वेळी अर्जाला टाचणीनं एक पत्रक लावलं होतं, विद्यापीठाच्या विद्यार्थी स्वास्थ्य केंद्राचं. त्यातल्या ‘पीएचडी संशोधकांसाठी’ या ओळीखाली लाल रेघ आणि फोन नंबराभोवती लाल गोल. हे पत्रक मी तीन वर्षं जिन्यातल्या फलकावर पाहत आले होते. ते पहिल्या वर्षाच्या, घरची आठवण येणाऱ्या मुलांसाठी असतं असा माझा समज होता.

तिसऱ्यांदा अर्ज पाठवला तेव्हा कुलथ्यांचा फोनच आला.

“वानखडे? अहो, तुम्हाला दोन ओळींचा अर्ज नीट लिहिता येत नाही, प्रबंध कसला लिहिताय?”

“सर, नोंदणी रद्द करायचीय, त्यात एवढं काय...”

“हे बघा. मी हा अर्ज सहा महिने परत पाठवू शकतो. माझ्याकडे लाल शाई पुष्कळ आहे. तुम्ही त्या पत्रकावरच्या नंबरला फोन केला का?”

“नाही.”

“मग करा. आणि मला अर्ज घ्यायचा नाहीये एवढं कळत नसेल तर तुम्ही खरंच पीएचडी करू नका.”

फोन ठेवला. मी हसत होते की रडत होते हे आईला कळेना, म्हणून तिनं ताप पाहिला.

रेश्माताई

स्वास्थ्य केंद्रातल्या समुपदेशक रेश्माताईंनी फोनवर पहिल्यांदा विचारलं ते, “आज जेवलात का?” मी नाही म्हणाले. “मग आधी जेवा. मी अर्ध्या तासानं करते.” आणि बरोबर अर्ध्या तासानं केला.

त्या दर मंगळवारी व्हिडिओवर यायच्या. पहिले तीन मंगळवार मी फक्त बोलले आणि त्यांनी ऐकलं. जगून काय करायचं हे मनात आल्याचं सांगितलं तेव्हा त्या घाबरल्या नाहीत, विषयही बदलला नाही. ते किती वेळा येतं, कधी येतं, असं साधेपणानं विचारलं, मला मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून दिलं आणि आईला कसं सांगायचं ते माझ्याबरोबर ठरवलं. मग म्हणाल्या, “आता नियमांची वही काढू.”

आणि तिथं मला कळलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. वैद्यकीय रजा घेतली तर मुदतीचं घड्याळ तेवढा काळ थांबतं, असा नियम आमच्याकडे होता. ग्रंथालय आजारी संशोधकाला हवी ती प्रकरणं स्कॅन करून पाठवतं. मौखिक परीक्षा तळमजल्यावर मागता येते. दर गुरुवारी पीएचडीवाल्यांचा एक गट जमतो, जिथं गाइड नसतात आणि चहा असतो. मला ते फोनवरून सामील करून घ्यायचे. त्यात मी पहिल्यांदा ऐकलं की इतिहासातल्या एकाची दृष्टी अधू होत चालली होती आणि रसायनशास्त्रातल्या एकीला प्रयोगशाळेच्या दारातच धडधडायचं. दोघांच्याही अहवालांत सातवा रकाना निरंक होता. हे सगळं आमच्या इमारतीत होतं, आणि मी त्यावरून रोज जिना चढून जात होते.

“पण समितीला पटवायचं तर पुरावा लागेल,” रेश्माताई एका मंगळवारी म्हणाल्या. “त्या दीड वर्षातलं, तेव्हाच लिहिलेलं काही आहे? चिठ्ठी, डायरी?”

“काही नाही. फिजिओच्या चिठ्ठ्या फेकून दिल्या, बाकी कुणाला सांगितलंच नाही.”

आई शेजारी मेथी निवडत होती. तिनं एकदम मान वर केली. “काहून नाही सांगितलं पन? आमच्या रजिस्टरात लेकराचं वजन कमी भरलं त कमीच लिहा लागते. तिथं बरं हाय म्हनून लिहून टाकलं, त त्या लेकराले जास्तीचा आहार कोन देईन?”

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. तिला तिचे फोन आठवले असावेत. त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “टीबी हाय तिले, भाऊ. मणक्याचा. बरी होऊन राहिली.” फोन ठेवून ती माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी हाक मारून तिला परत बोलावलं आणि तसं सांगितलं.

नोंदवही

वजनाचं रजिस्टर डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेताना एकदम आठवलं, रजिस्टर तर माझंही होतं! देवराईची नोंदवही. ती ताम्हाणे मॅडमकडे होती, कारण माझी राहिलेली मापं घ्यायला त्या आणि सुमित स्वतः जात होते. मॅडमना फोन करायची मला धास्तीच होती. आजारी पडल्यापासून आम्ही कामापुरतंच बोललो होतो. तरी केला.

“मॅडम, माझी नोंदवही...”

“माझ्यासमोरच आहे,” त्या म्हणाल्या. “कालपासून तीच वाचतेय. मी येते.”

त्या आल्या आणि आईनं दिलेल्या खुर्चीत बसून त्यांनी वही उघडली. एकेक नोंद वाचायला लागल्या. झाड नऊ, वाकता येत नाही, कागद सुमितनं धरला. झाड चौदा, पाठीत कळ, पाच मिनिटं बसले, माप नंतर. झाड तीन, घाम फार, हात हलला, कड दोनदा गिरवली. झाड एकवीस, उजव्या पायात जोर नाही, उद्या परत यावं लागेल. दीड वर्षाची दुखणी, शाईत, खाडाखोड न करता. दगडफुलाच्या मापात चूक राहू नये म्हणून मी स्वतःबद्दल जे जे खरं होतं ते सगळं लिहून ठेवलं होतं. ते आजारपण आहे हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला. “या प्रत्येक पानावर माझी सही आहे,” त्या म्हणाल्या. “मी मापं तपासली. समासातलं वाचलं नाही. आणि त्या तीन अहवालांवरही माझीच सही आहे.” मग आईकडे वळून म्हणाल्या, “माझं चुकलं, ताई.” ताम्हाणे मॅडमच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे मी तोवर ऐकलं नव्हतं. नंतरही एकदाच ऐकलं.

आईनं वहीतले पारदर्शक कागद हातात घेतले, एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले आणि म्हणाली, “हे त आमचं वाढीचं कार्ड हाय.” मॅडम म्हणाल्या, “तेच आहे.” तेव्हापासून आई बुरशी म्हणत नाही.

समिती

मी पट्टा बांधून, वॉकर घेऊन गेले. रेश्माताईंच्या पत्रामुळे समिती तळमजल्यावर बसली होती. टेबलावर माझे तीन अहवाल होते आणि शेजारी तीन नवे, दुरुस्त केलेले. त्यांच्या सातव्या रकान्यात नोंदवहीतल्या नोंदी तारखेसह उतरवल्या होत्या आणि खाली रेश्माताईंनी सुचवलेलं एक वाक्य होतं, की मी हे आधी लिहायला हवं होतं.

अध्यक्ष म्हणाले, “तुम्हीच लिहिलंत निरंक. आता तुम्हीच म्हणता ते खोटं होतं. मग हे दुसरं खरं कशावरून?”

हा प्रश्न गुरुवारच्या गटाकडून पाच वेळा ऐकून मी तयार झाले होते. “सर, अहवाल मी घरी बसून, खिडकीत सरकवण्यासाठी लिहिला. नोंदवही झाडापाशी उभं राहून, मापासाठी लिहिली. तिच्या आधारावर तुम्ही माझी दगडफुलं खरी मानणार असाल तर माझी पाठही खरी मानावी लागेल.”

ताम्हाणे मॅडम उभ्या राहिल्या. “यात चूक दोघींची आहे. माझंही चुकलं, त्या अहवालांवर माझी सही आहे. तिला मुदतवाढ मिळणार नसेल तर माझा खुलासाही मागवा.” त्यांच्या तोंडून ‘चुकलं’ दुसऱ्यांदा ऐकलं ते हे.

अध्यक्षांनी वही ओढून घेतली आणि बराच वेळ चाळली. “हात हलला, तेही लिहिलंय,” ते जणू स्वतःशीच म्हणाले. मग मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर बाकावर आई होती. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. दहा मिनिटांनी दार उघडलं. एक वर्ष मंजूर होतं आणि रजेचे आठ महिने वेगळे. आईनं आधी मला मिठी मारली, मग पट्टा आठवून घाईनं सोडली.

खिडकी

त्या वर्षात मी चालायला शिकले. आधी खोलीतल्या खोलीत, मग सोसायटीच्या आवारात, मग कोथरूडच्या बागेतल्या वाटेवर, जिथं निवृत्त मंडळी मला मागे टाकून जायची आणि वर “सावकाश, सावकाश” म्हणायची. शेवटच्या मापाला सुमितबरोबर देवराईत गेले आणि चौदा नंबरच्या झाडाची कड मी स्वतः गिरवली. दगडफूल मी नसतानाही वाढलं होतं. दीड वर्षानं डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. मी म्हणाले, “पाय आला.” ते म्हणाले, “मला वाटलंच होतं.” आता कळतं, त्या सगळ्या काळात स्वतःचा रकाना पहिल्या दिवसापासून खरा भरणारे तेवढे एकटेच होते.

मौखिक परीक्षा तळमजल्यावर झाली. माझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवली होती आणि मी ती निःसंकोचपणे वापरली. गुरुवारचा अख्खा गट मागच्या रांगेत होता. आई पहिल्या रांगेत पारदर्शक कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. परीक्षकांनी पदवीची शिफारस केल्याचं जाहीर केलं आणि आईनं, इतरांचं बघून, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

मग एक काम राहिलं होतं. शेवटचा अहवाल. इतके महिने माझे कागद सुमित वर नेत होता. त्यानं हात पुढे केला, मी नको म्हणाले. लिफ्टवर पाटी होतीच. पहिला जिना चढले, थांबले. दुसरा चढले.

कुलथ्यांच्या खिडकीवर नवी पाटी लागली होती, त्यांच्याच अक्षरात: ‘रकाना ७ मध्ये निरंक लिहिलेले अहवाल स्वीकारले जाणार नाहीत. अडचण खरोखरच नसल्यास आपण पीएचडीच करत आहात ना, याची खात्री करून घ्यावी.’

मी अहवाल सरकवला. त्यांनी वरून खाली पाहिला आणि परत सरकवला. “सात रिकामा आहे.”

“अहो कुलथे सर, आज काय लिहू? आत्ताच झाली ना व्हायवा.”

“पाटी वाचा.”

मी पेन घेतलं. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, तिथंच उभी राहून, शाईनं लिहिलं: ‘जिना चढताना उजवा पाय अजून थोडा मागे राहतो. चढून आले.’

कुलथ्यांनी ते वाचलं. शिक्का उचलला, दोनदा शाईच्या पॅडवर दाबला आणि मारला.

“झेरॉक्स जोडलेली नाही,” ते म्हणाले. “राहू दे. मी काढतो, डॉक्टर.”